अठरा पॉइंट दोन

मोहाडीच्या पॅकहाऊसात सात हंगाम
माझ्या हातांखालून द्राक्षं गेली.
घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही,
लावलं की लव जाते, माल मागे येतो.
हिरवा मणी डब्यात, पिवळट क्रेटात.
पिवळा गोड असतो, पण पिवळा बोटीत चढत नाही.

तिसऱ्या दिवशी बेंडकुळे सिस्टरांनी
बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं, उचललं,
खिडकीकडे वळवून पुन्हा दाबलं.
ते बोट माझ्या ओळखीचं होतं.
त्या काही बोलायच्या आतच
मी पदर खोचून उभी राहिले.

टाचेतला थेंब खाली गेला, कागद वर आला.
अठरा पॉइंट दोन.
आमच्याकडे अठरा शुगर लागली की खुडा सुरू होतो,
सुपरवायझर नळीत रसाचा थेंब टाकून
एक डोळा मिटून बघतो, आणि चहा सांगतो.
इथं चहा कुणी सांगितला नाही.
बाहेर बाकावर बसलेल्या ह्यांनी आकडा विचारला
भाव विचारावा तसा,
आणि ऐकून गप्प बसले.

मग निळं खोकं.
अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पांढरी पट्टी,
गळ्याशी चिठ्ठी: बेबी ऑफ मोनाली गांगुर्डे.
कुणी म्हणालं, कोवळ्या उन्हात धरायचं होतं.
कुणी म्हणालं, तू हळद खाल्लीस.
सासूबाई पेठहून काविळीची माळ घेऊन आल्या,
म्हणाल्या, रोग उतरतो तशी ती लांब होते.
सिस्टर रागावल्या नाहीत.
सलाईनच्या रिकाम्या स्टँडवर अडकवली आणि म्हणाल्या,
लांब व्हायची तर इथं होऊ दे, गळ्यात नको.

निळ्याखाली पिवळं दिसतच नाही.
मी रात्रभर बघत होते, सात हंगामांचे डोळे लावून.
माझ्या लुगड्याचा पिवळा काठ काळा पडला होता,
आणि तो
राखेच्या रंगाचा, जुन्या फोटोतल्यासारखा.
निवडायचं काय मग?

दर दोन तासांनी बाहेर. पाजायचं.
तो तोंडात घेऊन झोपायचा,
तळव्याला टिचकी मारली की दोन घोट, परत झोप.
परत आत. उताणा. परत बाहेर. परत आत, पालथा.

साडेतीनला लाइट गेली.
पंख्यांची घरघर थांबली तशा
चारही खोक्यांच्या चार आया एकदम उभ्या राहिल्या.
हरसूलची, नांदगावची, देवळ्याची, मी.
कुणी कुणाला ओळखत नव्हतं.
नांदगावची मोठ्यानं आकडे मोजायला लागली,
आम्ही तिच्या मागून.
अकराला जनरेटरनं धरलं.
चौघी खाली बसलो आणि उगाच हसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे लंगोट उघडला:
हिरवं.
शेवाळासारखं, चिकट, मांडीपर्यंत.
मी ओरडले. वॉर्डात ओरडायचं नसतं.
बेंडकुळे सिस्टर वाकल्या, बघितलं,
असंच निघतं ते, म्हणाल्या, अजून येऊ दे.
उन्हाळभर डब्यात भरलेला एवढा हिरवा माल,
मी त्यातल्या एकावरही अशी खूश झाले नव्हते.

पुसताना दिसली त्याच्या खांद्यावरची लव.
बारीक, सोनेरी, पाठीपर्यंत गेलेली.
सवयीनं हात आखडला.
मग लावलं बोट.
गेली नाही.

दुपारचा कागद: चौदा पॉइंट सहा.
चौदाचा माल आमच्याकडे कुणी विचारत नाही,
तोंड वाकडं करतात.
मी विचारलं, उद्या बारा होईल?
पाजत राहा, म्हणाल्या.

स्टँडवर माळ होती तेवढीच होती.
सासूबाईंनी बोटांनी मापली, पुन्हा मापली,
म्हणाल्या, वाढलीय. दोन मणी.
मी म्हणाले,
हो, मला पण वाटलं.